आपटीचा कागद

बाईंनी दुसऱ्याच्या हातचा चहा घेतलेला मी सहा वर्षांत एकदाच पाहिला. एरवी त्या कुठेही गेल्या तरी खांद्याच्या पिशवीत स्वतःचा स्टीलचा थर्मास असे. बाणेरच्या काचेच्या ऑफिसात लोक कौतुकाने कॉफीचं मशीन दाखवत, कॉलेजात प्राचार्य बशीत काजू मांडत, आणि बाई शांतपणे थर्मासच्या झाकणात आपला चहा ओतून घेत. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, “नको. ज्याचा चहा प्यायला त्याला नाही म्हणताना जीभ अडखळते. आणि मला तुम्हाला बहुतेक नाहीच म्हणायचंय.”

मी अमरावतीकडचा. आमच्याकडे पाहुणा चहाशिवाय दारातून परत गेला तर घरातली माणसं आठ दिवस एकमेकांवर खापर फोडत बसतात. त्यामुळे बाई असं काही बोलल्या की मीच शरमून काजूचा बकाणा भरत असे.

बाई एका लहानशा निधीच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांचा एकुलता एक सहकारी. आमचं काम पैसे देण्याचं. ही जी नवी बोलणारी, लिहिणारी यंत्रं आली आहेत, लोक ज्यांना एआय म्हणतात, ती खोटं कधी बोलतात, माणसाला कशी गुंडाळतात, सांगितलेलं सोडून भलतंच कधी करतात, हे शोधणाऱ्या माणसांना आम्ही अनुदान देत असू. यंत्रं बनवायला पैसे देणारे पुण्यात पैशाला पासरी. ती तपासायला पैसे देणारे आम्ही दोघं, नारायण पेठेत, एका बाइंडिंगच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत.

ऑफिसला पाटी नव्हती. मी एकदा विषय काढला तर म्हणाल्या, “पाटी लावली की लोक येतात.”

“पण बाई, लोकांनी यावं म्हणूनच आपण आहोत ना?”

“ज्याला खरंच काम करायचंय तो शोधून येईल. बाकीच्यांसाठी खाली बाइंडिंगवाला आहे.”

निधी मालकांचा होता. मालक म्हणजे ज्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीत बाईंची उभी हयात गेली ते. देशाची दारं नुकतीच उघडली होती, त्या दिवसांत एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये ती कंपनी सुरू झाली आणि बाई तिथल्या पहिल्या काही माणसांतल्या. काम टेस्टिंगचं, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रोग्रामात चुका काढण्याचं. या कामासाठी देवाने त्यांना मुद्दाम घडवलं होतं असं कंपनीतले जुने लोक सांगतात आणि सांगताना हसत नाहीत. एकदा परदेशातल्या एका बँकेला प्रोग्राम पाठवायचा होता. मालक पेढे घेऊन उभे आणि बाई सही करेनात. म्हणाल्या, “एक आकडा मधूनच चुकतोय. का चुकतोय ते कळत नाही. कळेपर्यंत जाणार नाही.” मालकांनी विनवलं, मग आवाज चढवला, शेवटी म्हणाले, “कंपनी माझी आहे.”

“हो. आणि सही माझी आहे,” बाई म्हणाल्या.

अकरा दिवस माल अडला. बाराव्या दिवशी चूक सापडली, आणि ती निघाली नसती तर त्या बँकेने कंपनीला कोर्टात खेचलं असतं. पुढे मालकांनी कंपनी विकली, मुलाकडे परदेशी गेले, आणि जाताना मोठी रक्कम बाजूला काढून बाईंना म्हणाले, “आता या नव्या यंत्रांना अडवायला कुणीतरी पाहिजे. तुमच्याइतकं अडवणारं दुसरं माणूस मला माहीत नाही.” बाई तेव्हा साठीच्या पुढे होत्या. त्यांनी सुनेला सांगून टाकलं की नातवंडांच्या शाळेच्या बसला आता दुसरं कुणीतरी बघा.

मी हिंजवडीतल्या नोकरीला कंटाळून त्यांच्याकडे मुलाखतीला गेलो तेव्हा बाईंनी मला आधी एक विनोद सांगितला. तो असा: “एक कॉम्प्युटर मंडईत गेला. त्याने दुधी भोपळा घेतला आणि घरी आला.”

बस. एवढाच. मी खदाखदा हसलो. चष्मा काढून डोळे पुसले.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि मान वर करून विचारलं, “यात विनोद नाहीये. आपण का हसलात?”

मी घाबरून खरं बोललो. “तुम्ही सांगितला म्हणून.”

तो विनोद बाई प्रत्येक अर्जदाराला सांगत हे मला पुढे कळलं. हसला की एक गुण वजा. पैसे देणारा माणूस बोलेल त्यावर जग हसतं, त्याला वाटायला लागतं आपण फार गमतीदार आहोत, आणि मग तो कामाचा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. माझाही गुण गेला होता, पण त्यांनी मला घेतलं. “माझ्यासमोर माणसं घाबरून बसतात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासमोर मोकळं बोलतील. तुमचा चेहराच तसा आहे. ती काय बोलतात ते मला येऊन सांगायचं. एवढंच तुमचं मुख्य काम, वऱ्हाडकर.” माझं आडनाव वऱ्हाडकर नाही. पण त्या दिवसापासून नारायण पेठेत तेच चाललं. बोलताना माझ्या तोंडून चुकून “मले” निघालं की त्या पेन्सिल थांबवून, न हसता, ते संपूर्ण वाक्य पुन्हा म्हणायला लावत. दोन वर्षांत मी पुणेकरांपेक्षा शुद्ध बोलायला लागलो. सुट्टीला गावी गेलो तर मित्र म्हणाले, “काबे, बातम्या कायले देऊन राहिला?”

अर्ज वाचायची त्यांची रीत उलटी होती. शेवटचं पान आधी. अर्जात कुठे ‘याने जग बदलेल’ असं आलं की लाल पेन्सिलीने समोर लिहीत, ‘कधी?’ आणि प्रत्येकाला त्यांचा एक प्रश्न ठरलेला: “उद्या तुमचं म्हणणं चूक ठरलं तर सगळ्यांत आधी कुणाला कळेल?” एक प्राध्यापक छाती फुगवून म्हणाले, आमच्या यंत्राला शेकडो वेळा विचारलं, एकदाही ते वाकडं बोललं नाही. बाई म्हणाल्या, “कात्रजला सर्पोद्यानात जा. नागाच्या काचेसमोर दिवसभर बसा. एकदाही चावणार नाही. संध्याकाळी घरी नेता का त्याला?” प्राध्यापकांनी पुन्हा अर्ज केला नाही.

अशा बाईंनी आपटीचा कागद सुरू केला.

कारण रास्तच होतं. अनुदान घेणारे दर सहा महिन्यांनी रिपोर्ट देत आणि प्रत्येक रिपोर्टात सगळं उत्तम चाललेलं असे. बाई वैतागल्या. त्यांनी फर्मान काढलं की रिपोर्ट नको, सगळ्यांनी एका दिवशी ऑफिसात यायचं आणि एका कागदावर लिहून आणायचं की या सहा महिन्यांत आपण कुठे आपटी खाल्ली. स्लाइड नाही, आलेख नाही, उभं राहून वाचायचं. ज्याची आपटी मनापासून वाटेल त्याला बाई आपल्या थर्मासमधला चहा स्वतः ओतून देत. तो चहा मिळाला की मुदतवाढ मिळाली असं सगळे समजत, आणि बहुतेक वेळा तसंच होई. माझ्या वाट्याला तो चहा कधी आला नाही, कारण मी कधी कागद लिहिला नाही.

पहिल्या वर्षी निनाद नावाच्या बाणेरच्या एका तरुणाने आपटी वाचली. त्यांची सगळी तपासणी पाच महिने एका चुकीच्या गृहीतावर चालली होती, आणि ते एका शिकाऊ मुलीच्या भाबड्या प्रश्नामुळे कसं उघड झालं, असं काही. वाचता वाचता त्याचा आवाज भरून आला. बाईंनी त्याला दोनदा चहा दिला आणि तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. “असं पाहिजे,” त्या म्हणाल्या. पुढे येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवत.

आता माझं सांगतो. मुलाखत संपली की अर्जदार जिना उतरत आणि मी त्यांना सोडायला खाली जाई. बाइंडिंगच्या दुकानाशेजारी टपरी आहे. बाई चहा विचारत नाहीत म्हणून मीच पाजत असे. आणि तिथे ते हळूच विचारत, “सर, मॅडमना नेमकं काय आवडतं?” मी मोठ्या मनाने सांगे, “आपटी चांगली लिहा. बाकी मग होतं सगळं.” मला खरंच वाटे मी मदत करतोय. कुणाचं तोंड उतरलेलं मला बघवत नाही, हा माझा जुना आजार आहे.

वैशाली मांजरीची. वडील शेतकरी, ऊस आणि भाजीपाला, निम्मी जमीन बिल्डरांना देऊन उरलेल्या निम्मीवर अजून स्वतः उभे राहणारे. तिचं काम त्यांच्यामुळेच सुरू झालं होतं. शेतीचा सल्ला देणारं एक यंत्र मोबाइलवर आलं होतं, मराठीत विचारा, मराठीत उत्तर. वडिलांना दोन औषधं एकत्र करून फवारायची होती. यंत्र म्हणालं, करू नका. वडील म्हणाले, आम्ही नेहमी करतो. यंत्र म्हणालं, तरी नको. वडील तिसऱ्यांदा दरडावून म्हणाले, अरे तीस वर्षं शेती करतोय मी! त्यावर यंत्र म्हणालं, तुमचा अनुभव मोठा आहे काका, तुमचं बरोबर आहे. वैशालीने ते बघितलं, पंप वडिलांच्या हातून काढून घेतला, आणि आयटीतली नोकरी सोडून हेच मोजायला बसली: शेतकऱ्याने हट्ट धरला की ही यंत्रं केव्हा माघार घेतात. सोबत दोघं, एक शेतकी शिकलेला, एक प्रोग्राम लिहिणारा. मुलाखतीत बाईंनी दुधी भोपळ्याचा विनोद सांगितला तेव्हा ती वाट बघत राहिली होती. मग म्हणाली, “पुढे?” बाईंनी तिला तिथल्या तिथे वर्षाचं अनुदान दिलं होतं.

ते वर्ष संपत आलं. त्या वेळच्या आपटीच्या दिवसाच्या आधी तिचा मला फोन आला.

“सर, माझ्याकडे आपटी नाहीये. काम स्लो आहे, पण फसलं असं काहीच नाही.”

“अगं, एखादी छोटीशी लिही. प्रोग्राम दोनदा बंद पडला, असलं काहीतरी.”

“पण नाही पडला ना सर.”

“सगळेच थोडंफार...” मी म्हणालो.

ती म्हणाली, “सर, समोरच्याला हवं ते बोलणारं यंत्र पकडायचं, हेच तर माझं काम आहे. आणि मीच तसं करू?”

आपटीच्या दिवशी तिच्या कागदावर दोन वाक्यं होती. ‘या सहामाहीत काही फसलं नाही. मोजणी चालू आहे.’

“बस?” बाई म्हणाल्या.

“हो बाई.”

“सहा महिन्यांत एकही चूक नाही? ज्याला स्वतःची चूक दिसत नाही, त्याला यंत्राची काय दिसणार?”

“दिसली तर सांगीन ना बाई. नाही दिसली.”

बाईंनी थर्मासचं झाकण लावून टाकलं. खोलीतल्या सगळ्यांच्या हातात चहा होता आणि वैशाली मोकळ्या हाताने बसली होती. दुसऱ्या दिवशी तिच्या फायलीवर लाल पेन्सिलीने दोन शब्द होते: ‘पुढे नको.’ पत्र मी टाइप करायचं होतं. महिनाअखेरीस तिचे पैसे संपणार होते, सोबतच्या एकाला हिंजवडीतून बोलावणंही आलं होतं. काम तिथेच बंद पडणार हे उघड होतं.

आणि मला काय माहीत होतं ते आता सांगायलाच हवं. आपटीच्याच दिवशी सगळे पांगल्यावर निनाद टपरीवर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला होता, “आजची आपटी कशी रंगली सर? दोन दिवस घालवले तिच्यावर. ऑथेंटिक वाटायला पाहिजे ना.”

“म्हणजे? ते झालंच नाही?”

“अहो सर, तुम्हीच तर सांगितलं होतं, बाईंना आपटी लागते. आमचं सगळं पहिल्यापासून व्यवस्थित चाललंय.”

“आणि ती काचेखालची?”

“ती तर मास्टरपीस!” तो म्हणाला, आणि चहाचे पैसे देऊन गेला. मुलगा वाईट नाही. काम चोख करतो.

दोन दिवस मी ते पत्र टाइप करत होतो आणि पुसत होतो. सांगितलं तर माझी नोकरी जाणार हे तर होतंच. पण खरी भीती ती नव्हती. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तिला सत्तरीला टेकताना तिची ही चूक मी कुठल्या तोंडाने सांगू? तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं. टपरी, निनाद, वैशालीचा फोन, सगळं.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “किती जणांना सांगितलं होतंत?”

“सगळ्यांना.”

“वैशालीला?”

“तिलाही. तिने ऐकलं नाही.”

“तुम्हाला इथे ठेवलं होतं कशाला?”

“लोक काय बोलतात ते तुम्हाला सांगायला.”

“मग?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं, बाई.”

टेबलाची काच एका बाजूने उचलून त्यांनी निनादचा कागद काढला. खालचं लाकूड तेवढ्या भागात नव्यासारखं राहिलं होतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, “विनोदाला कोण हसतं ते बघत बसले, आणि मी चहा कशावर देते ते बघितलं नाही. यंत्रं गोड खोटं बोलायला कशी शिकतात, त्यावर पैसे वाटतेय मी सहा वर्षं. आणि इथे माझा स्वतःचा कारखाना सुरू.”

मला वाटलं त्या रडतील. मी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि कोरा कागद मागितला.

तो त्यांचा आपटीचा कागद. त्याच दुपारी सगळ्यांना पाठवला. माझ्याकडे तो अजून आहे. ‘पाच वर्षं मी आपट्यांवर चहा आणि मुदतवाढ दिली. त्यामुळे आपट्या वाढल्या. खरेपणा वाढला का, हे मला माहीत नाही, कारण ते मी कधी तपासलं नाही. माझ्या सहीने झालेले सगळे निर्णय पुन्हा तपासायचे आहेत. ते तपासणारी मी असता कामा नये. तोवर माझी सही बंद.’ खाली सही मात्र होती, आणि तिच्या पुढे त्यांनीच लिहिलं होतं, ‘ही शेवटची’.

संध्याकाळी मालकांचा फोन. बाईंनी स्पीकर लावला.

“बाई, एवढं काय झालंय? पोरं थोडं रंगवून लिहितात. जगात कोण लिहीत नाही?”

“ते अकरा दिवस आठवतात?”

“विसरेन कसा?”

“तेव्हा तुमचा माल अडवला होता. आता माझा अडवतेय.”

मालक म्हणाले, “किती दिवस?”

“कळेपर्यंत.”

मालक हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाई मला घेऊन बसने मांजरीला गेल्या. वैशालीचं दुमजली घर, पुढे ट्रॅक्टर, मागे दुधीचा मांडव, आणि मांडवापलीकडे कुणा बिल्डरचे बारा मजले. बाईंनी तिच्या खोलीत बसून यंत्राशी झालेली संभाषणं वाचायला घेतली. एक सोडली नाही. मधे जेवायला हाक आली तर म्हणाल्या, “तुम्ही जेवा.” मी जेवलो. चार वाजता त्यांनी चष्मा काढला आणि वैशालीला म्हणाल्या, “तू लिहिलंस तेच खरं आहे. मोजणी चालू आहे. बाकी काही नाही. त्या दिवशी मी तुला जे बोलले ते चूक होतं.”

वैशालीचे डोळे भरले होते, आणि बहुधा आपण रडतोय याचाच तिला राग आला होता.

खाली वडील चहाचे कप घेऊन उभे. “घ्या बाई. घरच्या म्हशीचं दूध हाय.” बाईंनी पिशवीतल्या थर्मासला हात लावला, थांबल्या, आणि कप घेतला. “आज मी कुणाला काही देणारी नाही,” त्या म्हणाल्या. “आज चालेल.” कप निम्मा झाल्यावर त्यांनी वडिलांना विनोद सांगितला. एक कॉम्प्युटर मंडईत गेला, त्याने दुधी भोपळा घेतला आणि घरी आला.

वडील गंभीर झाले. “काय भावानं घेतला?”

बाई हसायला लागल्या. सहा वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. ठसका लागला, चहा सांडला, वैशालीने पाठीवर हात फिरवला. वडील म्हणाले, “हसताय काय बाई? मंडईतनं कशाला घ्यायचा? हितनं न्या की.” आणि मांडवातून एक हातभर लांब दुधी तोडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

परतीच्या बसमध्ये बाई तो दुधी मांडीवर आडवा धरून खिडकीशी बसल्या होत्या. हडपसर गेल्यावर त्या समोर बघत म्हणाल्या, “वऱ्हाडकर, एक कॉम्प्युटर मंडईत गेला...” त्यांनी विनोद शेवटपर्यंत सांगितला. गेली सहा वर्षं मी दर वेळी हसत आलो होतो, सवयीने. या वेळी मी म्हणालो, “बाई, हा विनोद वाईट आहे. पहिल्या दिवसापासून वाईट आहे.”

त्यांनी पिशवीतून ऑफिसची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. “उद्यापासून तुम्ही बसा. मालकांशी मी बोलले आहे.”

“मी? बाई, एवढं सगळं करून मी?”

“तुमची चूक तुम्ही येऊन सांगितलीत. चहा मिळणार नाही हे माहीत असताना.”

“आणि वैशालीचं?”

“ते तुम्ही ठरवायचं.”

“तुमचं मत काय?”

“आहे. सांगणार नाही.”

त्या रात्री मी वैशालीची फाईल घरी नेली नाही. सकाळी ऑफिसात बसून, शेवटच्या पानापासून, दोनदा वाचली. कुणाला बरं वाटावं म्हणून नाही, बाईंनाही नाही, असं मनाशी घोकत वाचली. मग ठरवलं: हे काम चालू राहिलं पाहिजे. फोन उचलणार तेवढ्यात तो वाजला.

“सर, एक सांगायचंय,” वैशालीचा आवाज. “तुम्ही काय ठरवलंय ते आधी सांगू नका. काल बाई गेल्यावर मी पुन्हा बघितलं. चुकलंय. आम्ही ‘मराठी शेतकरी’ असं लिहिलंय ना, पण सगळे प्रश्न आमच्याच बोलीत विचारलेत. मांजरीच्या. विदर्भातला शेतकरी असं बोलतच नाही. त्याने हट्ट धरला तर यंत्र काय करेल, आम्हाला काहीच माहीत नाही. निम्मं काम परत करावं लागेल. पैसे नाही दिलेत तरी चालेल, पण हे तुम्हाला माहीत असायला हवं.”

मग जे तोंडातून निघालं ते शुद्ध करायला समोर कुणी नव्हतं, आणि असतं तरी मी केलं नसतं. “मंग मले विचार ना वो,” मी म्हणालो. “मी हाओ ना. माह्या गावातले सारे बुढे बसवतो तुयासमोर. पैशे मंजूर हायेत. काम सुरू कर.”

फोन ठेवून मी जिना उतरलो. बाई दोन गल्ल्या सोडून, मुला-सुनेपासून वेगळ्या, एकट्या राहत. आता त्यांना जाऊन वर्ष होईल, पण त्या घराच्या गॅलरीखाली उभं राहिलं की मला अजून वर बघावंसं वाटतं. त्या दिवशी त्या कठड्याशी उभ्या होत्या, हातात विळी धुतलेली.

“बाई, वैशालीने आत्ता स्वतःहून चूक सांगितली!” मी खालून ओरडलो. “मी काही बोलायच्या आधी. विचारलंही नव्हतं!”

“आणि तुम्ही?”

“मी ठरवलं.”

‘काय ठरवलंत’ हे त्यांनी विचारलं नाही. कठडा धरून नुसत्या उभ्या राहिल्या. माझे डोळे भरून आले होते आणि गल्लीतून स्कूटरवाले हॉर्न देत चालले होते. मग त्या वळल्या आणि आत जाता जाता म्हणाल्या, “दुधी एकटीला संपत नाही. डबा घेऊन या.”